विषय : नाव कमी करण्याबाबत

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. मी पोह्यांची कढई घासत होते, ओला हात तसाच ओढणीला पुसून दार उघडलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. हातात सोसायटीचं पत्र. आमचंच लेटरहेड, आमचाच निळा गोल शिक्का आणि खाली सेक्रेटरी म्हणून माझीच सही. काका जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. काकू एरवी सरळ आत येऊन डायनिंगच्या खुर्चीत बसतात, त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच थांबल्या, चष्मा नाकावर वर सरकवला, पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, एवढंच विचारायचं होतं. मी तात्पुरती म्हणजे किती दिवस?"

राग नव्हता त्यात, टोमणा तर नाहीच, काकूंचा तो स्वभावच नाही. त्यांना खरंच तारीख हवी होती, कारण रात्री पुण्याहून मुलीचा फोन येणार होता आणि तिला काहीतरी सांगायला लागणार होतं. मी म्हटलं, "काकू, तसं काही नसतं हो, तो कायद्यातला शब्द आहे, तुम्ही कुठे जाणार आहात." त्या "हो का, बरं बरं" म्हणाल्या, पत्राची होती त्याच घड्यांवर पुन्हा घडी घातली आणि कठड्याला धरून एकेक पायरी वर गेल्या. मी दार लावून परत सिंकपाशी आले, नळ सोडला, आणि पाणी नुसतंच कढईत पडत राहिलं. डोंबिवलीत पाणी असं वाया घालवणारी मी बाई नाही. पण त्या दिवशी हात चालेना.

पत्रातलं ते वाक्य इथे जसंच्या तसं देते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. "आपले मयत पती यांच्या नावे असलेली सदनिका क्रमांक ११ मधील त्यांचे सभासदत्व त्यांच्या मृत्यूमुळे संपुष्टात आले असल्याने त्यांचे नाव कमी करून नॉमिनी या नात्याने आपणांस तात्पुरते सभासद करून घेण्यात येत आहे, याची नोंद घ्यावी."

हे वाक्य मी रचलेलं नाही. जुन्या फाइलमध्ये दुसऱ्या कुणासाठी गेलेलं पत्र होतं, त्यातलंच नाव आणि नंबर बदलून, कायद्यातला नवा शब्द मधे घालून खजिनदारांनी मजकूर पाठवला, मी तो टाइप करून सही केली. पण टाइप करताना मला ते खटकलं होतं. नक्की खटकलं होतं. "असलेली सदनिका क्रमांक ११ मधील त्यांचे सभासदत्व" इथे काय कशाला जोडलंय हे दोनदा वाचून पण कळत नव्हतं, एका वाक्यात "त्यांचे, त्यांच्या, त्यांचे" अशी रांग लागली होती, आणि तरी मी थांबले नाही, कारण डोक्यात असं होतं की पत्राची भाषा अशीच असते. ऑफिशियल आहे ना, मग जरा अवघडच असणार. माझी चूक तिथे झाली. अवघड आणि औपचारिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं, कारण माझी मावशी टायपिस्ट होती.

मावशी साताऱ्याला एका सरकारी कचेरीत १९७१ साली लागली. मराठी टायपिंगची तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास, मग चाळीसची. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे असायचो आणि कधीतरी ती मला ऑफिसात घेऊन जायची. उंच छत, लांब दांडीचा पंखा, त्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेले काचेचे पेपरवेट, लाल फडक्यात बांधलेल्या नस्त्या, आणि मधोमध मावशीचं मशीन, काळं, जड, ओळ संपली की टिंग करणारं. मशीनमध्ये एका वेळी पाच कागद असायचे, मूळ प्रत आणि मधे मधे कार्बन घालून चार कॉप्या. त्यामुळे चूक झाली की ती पाच ठिकाणी व्हायची. पहिला कागद खोडरबराने खरवडता येतो, पण खालच्या कॉप्यांवर नुसता काळा डाग पसरतो, आणि साहेबांना खाडाखोड चालायची नाही, म्हणजे अख्खं पान परत. परिपत्रक असेल तर स्टेन्सिल कापायची, तिथे चूक झाली तर लाल लिक्विड लावून वाळेपर्यंत फुंकर घालायची, त्याचा वास अगदी नेलपॉलिशसारखा यायचा, मला फार आवडायचा तो.

तर पान परत टाइप करायला लागू नये म्हणून मावशीने एक गोष्ट शिकून घेतली होती. हाताखालून चुकीचा शब्द गेला की ती थांबायची, मशीनवर बोटं तशीच ठेवून समोरच्या भिंतीकडे बघायची, आणि मग उरलेलं वाक्य त्या चुकलेल्या शब्दाला शोभेल असं फिरवायची. म्हणजे साहेबांनी लिहून दिलंय "आपणांस कळविण्यात येते की, आपला अर्ज प्राप्त झाला आहे" आणि हिच्या हातून सुरुवातीलाच "आपला" पडलंय. मग ती पुढे लिहायची, "आपला दिनांक अमुक रोजीचा अर्ज या कार्यालयास मिळाला." झालं. अर्थ तोच, आब तोच, एक शब्द कमीच, आणि साहेब वाचून सही करून मोकळे. मी विचारलं होतं, तुला हे सुचतं कसं. तर म्हणाली, "अगं, वाक्य म्हणजे म्हैस असते. शेपटीला धरून ओढलीस तर जागची हलायची नाही. पुढे जाऊन वैरण दाखवायची." आणि मग हेही म्हणाली, की बघ, चुकल्यामुळे फिरवलेलं वाक्य बहुतेक वेळा साहेबांच्या वाक्यापेक्षा चांगलंच होतं, कारण फिरवताना मला विचारायला लागतं की हे कोण कोणाला सांगतंय.

कोण कोणाला सांगतंय.

मावशी सांगायची की ती लागली तेव्हा कचेरीत मराठी कारभार तसा नवाच होता. राजभाषेचा कायदा १९६४ चा, त्याच्या थोडं आधी, १९६० साली भाषा संचालनालय झालेलं, शब्दांचे कोश छापून येत होते, पण कपाटात जुने मसुदे सगळे इंग्रजीतले. हेडक्लार्क ते समोर ठेवूनच मराठी करायचे. तिकडे "हिअरबाय" असेल तर इकडे "याद्वारे". तिकडे करणारा लपलेला असेल तर इकडे "करण्यात येत आहे". शब्द बदलायचं काम आपल्याकडे शिवाजी महाराजांपासून चालू आहे, त्यांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि तरी आपण आजही अर्ज करतो, दाखला काढतो, हुकूम निघतो, माणूस हयात असतो नाहीतर मयत असतो. मला त्याचं काही वाईट वाटत नाही, ते शब्द आता आपलेच आहेत, चारशे वर्षं घरात राहिलेल्याला पाहुणा कोण म्हणेल. माझं दुखणं शब्दांचं नाहीच. वाक्यातून माणूस काढून घेतला की जे उरतं त्याचं आहे. "कळविण्यात येते." कोण कळवतंय? "नाव कमी करण्यात येत आहे." कोण करतंय? पावसासारखं आपोआप येतं ते, वरून.

आता इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, की हे "येत आहे" मला नेहमीच वाईट वाटलेलं नाही. चोविसाव्या वर्षी मला एका ठिकाणाहून पत्र आलं होतं, मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या, आणि त्यात लिहिलं होतं की आपल्या अर्जाचा विचार होऊ शकला नाही. ते पत्र मी गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून कितीतरी वेळा वाचलं, आणि मला आठवतंय की त्या "होऊ शकला नाही" चा मला आधार वाटला होता. कोणी मला नाकारलेलं नव्हतं. विचार होऊ शकला नाही, बस. जसा पाऊस झाला नाही, पेरणी झाली नाही, तसं. "आम्ही तुम्हाला निवडलं नाही" असं लिहून आलं असतं तर मी ते तीन चेहरे अजून विसरले नसते. मावशीच्या हाताखालून घर खाली करायच्या नोटिसा जायच्या, त्यांच्याबद्दलही ती तेच म्हणायची, की खाली सही करणारा बिचारा ज्युनिअर असतो, त्याने "मी तुम्हाला बाहेर काढतो" असं लिहायचं का, त्याला पण रात्री जेवायला बसायचं असतं. तेव्हा करणारा लपवणं हे कधीकधी दोघांवर पांघरूण घालणं असतं. हे मी मानते. पण काकूंच्या पत्रात लपायचं कोणाला होतं? आम्ही नऊ जणांची कमिटी, सगळे एकाच जिन्याने चढणारे. काका गेले त्या रात्री स्मशानात होते त्यातले पाच जण तर कमिटीतलेच.

"नाव कमी करणे" हा शब्दप्रयोग मला पहिल्यांदा बारावीत भेटला. बाबा गेले आणि महिन्याभराने आई रेशनकार्ड घेऊन कचेरीत निघाली, मी बरोबर. अर्ज आदल्या रात्री मावशीने लिहून दिला होता, स्वच्छ गोल अक्षरात. आईने आधी स्वतः लिहिला होता, सगळे लिहितात तसा, "माझ्या पतीचे नाव शिधापत्रिकेतून कमी करावे ही नम्र विनंती", आणि लिहून झाल्यावर ती तशीच बसून राहिली, पेन हातात धरून. मावशीने बघितलं, कागद हळूच ओढून घेतला आणि दुसरा लिहिला. "माझे पती यांचे दिनांक अमुक रोजी निधन झाले असून, त्यानुसार शिधापत्रिकेतील नोंद दुरुस्त करून मिळावी." म्हणजे मागणं तेच, पण आता आई बाबांना काढून टाकायची विनंती करत नव्हती, नोंद दुरुस्त करायची करत होती. मला तेव्हा फरक नीट कळला नव्हता, पण आईचा चेहरा जरा सैल झालेला दिसला.

खिडकीवरच्या माणसाने तो अर्ज वाचला आणि परत सरकवला. "काय दुरुस्त करायचंय? नाव कमी करायचंय ना? मग तसं लिहा." पाठीमागे रांग होती, एक बाई कडेवर रडणारं पोर घेऊन उभी होती, केरोसीनचा वास सगळीकडे. आईने उभ्या उभ्याच खिडकीच्या फळीवर कागद ठेवला, "दुरुस्त करून मिळावी" वर काट मारली आणि वर लिहिलं, नाव कमी करून मिळावे. मग त्या माणसाने कार्डावर पट्टी धरून बाबांच्या नावावर लाल रेघ मारली. तो वाईट माणूस नव्हता. रेघ सरळ यावी म्हणून त्याने खरंच काळजी घेतली. पण घरी येताना आई रिक्षात एकदाच बोलली, ते पण माझ्याशी नाही, बाहेर बघून. "मलाच लिहायला लावलं."

गावाकडे निदान कंस करतात. सातबाऱ्यावर माणूस गेला की वारसांची नावं लागतात आणि त्याच्या नावाला कंस होतो, "आजोबांच्या नावाला कंस झाला" असंच म्हणतात आमच्याकडे. नाव तिथेच असतं, वाचता येतं, फक्त दोन बाजूंनी भिंत आलेली असते. मला ते रेघेपेक्षा कितीतरी बरं वाटतं.

त्या रविवारी दुपारी मी जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून बसले. पहिली गोष्ट म्हणजे पत्ता. सोसायटीच्या रजिस्टरला काकू आत्तापर्यंत "सौ." होत्या. पाठवलेल्या पत्रात "श्रीमती" गेलेलं होतं, बरोबरच होतं ते, पण माझ्या लक्षात आलं की दोन महिन्यांत कोणीतरी पहिल्यांदा त्यांना लेखी "श्रीमती" केलं असेल तर ते मीच. एक अक्षर जाऊन तीन आली. जुन्या लोकांनी "गं. भा." लिहिलं असतं, माझ्या आजीला पत्रं यायची त्यावर असायचं, गंगा भागीरथी, म्हणायला किती पवित्र, पण पोस्टमनपासून सगळ्यांना दारातच कळायचं की ही कोण आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये "विधवा" ऐवजी हेच "गं. भा." लिहावं असा प्रस्ताव सरकारात चर्चेला आला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि बरं झालं झाला ते. त्याच्या आदल्या वर्षी हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला होता, कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं गाव, ४ मे २०२२, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे सगळं गावात बंद. नंतर सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी वाचताना मला सगळ्यात जास्त काय भिडलं असेल तर हेच, की हे ठरावाच्या भाषेत झालं. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. त्याच कोरड्या भाषेत, जिच्यात नावं कमी होतात. म्हणजे भाषेत तशी काही खोट नाही, तिच्याकडून काय करून घेतो ते आपल्या हातात आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं आणि त्या रविवारी परत वाटलं. श्रीमती ठेवलं मी. त्याला दुसरं काही बरं सापडलं नाही.

मग "मयत". हा शब्द काढायचाच होता. पण जागी काय? काकांना "कै." चालेल, काकू देवाधर्माच्या आहेत. पण हा मजकूर पुढे सगळ्यांसाठी वापरला जाणार, आणि सगळे कैलासवासी होत नाहीत. काही वर्षांपूर्वी तळमजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा फळ्यावर आम्ही सवयीने "कै." लिहिलं, तर त्यांचा मुलगा संध्याकाळी आला आणि हळू आवाजात म्हणाला, जमलं तर कालकथित लिहाल का, आमच्यात तसं लिहितात. बौद्ध कुटुंब. मला इतकं कानकोंडं झालं, आजोबा आमच्याकडे दर चौदा एप्रिलला खीर पाठवायचे आणि मला हे माहीत नसावं. पुसून खडूने लगेच बदललं. पण तेव्हापासून हे डोक्यात पक्कं बसलंय, की गेलेला माणूस कुठे गेला हे सोसायटीने ठरवायचं नसतं. म्हणून "निधन झाले". त्यात कैलास नाही, स्वर्ग नाही, आणि मयतसारखं पंचनाम्यात पडलेलंही नाही कोणी.

पहिला मसुदा मी लिहिला तो फारच ओला झाला. काकांच्या अकाली जाण्याने आपल्यावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत, त्यांचा हसतमुख स्वभाव, गणपतीतला त्यांचा उत्साह, असं सगळं. लिहिताना माझेच डोळे भरले. संध्याकाळी खजिनदारांना दाखवला. ते बँकेतून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे, त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "ताई, हे सांत्वनाचं पत्र आहे. ते तुम्ही वेगळं द्या, मीही सही करतो. पण हे रेकॉर्डचं पत्र आहे. उद्या वारसांमध्ये काही झालं, रजिस्ट्रारकडे गेलं, तर तिथे गणपतीतला उत्साह वाचायचा का?" मला जरा लागलं, पण त्यांचं बरोबर होतं. आणि बरोबर आहे म्हणूनच मग मला हे काम खरं अवघड आहे हे समजलं. औपचारिकपणा पातळ करून चालणार नव्हतं, त्या पत्राला काकूंच्या बाजूने उभं राहायचंय, वीस वर्षांनी कोणी उघडलं तरी. भावना नसली तरी चालेल. पोचलं पाहिजे आणि टिकलं पाहिजे.

राहता राहिला "तात्पुरते". तो काढता येत नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीपासून सहकार कायद्यात नॉमिनी हा प्रोव्हिजनल मेंबर होतो, वारसांची नोंद होईपर्यंत, त्यामुळे खजिनदार म्हणाले की शब्द राहणार, त्याला इलाज नाही. मी पुन्हा पुन्हा ते वाक्य वाचत होते, "आपणांस तात्पुरते सभासद", आणि एकदम मावशी आठवली, मशीनवर बोटं ठेवून भिंतीकडे बघणारी. शब्द पडलाय, तो हलणार नाही, मग त्याच्या भोवतीचं फिरव. तात्पुरतं नक्की काय आहे? काकू नाहीत. बत्तीस वर्षं त्या घरात राहिलेली बाई, जिने जिन्यातल्या बल्बसाठी चार कमिट्यांशी भांडण केलं, ती तात्पुरती कशी असेल? तात्पुरती आहे ती नोंद. कागद तात्पुरता आहे. विशेषण चुकीच्या माणसाच्या गळ्यात पडलं होतं, एवढंच होतं ते सगळं.

रात्री साडेअकराला असं झालं : "आपले पती हे या संस्थेचे १९९३ पासून सभासद होते. दिनांक अमुक रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी केलेल्या नामनिर्देशनानुसार संस्थेच्या कार्यकारी समितीने सदनिका क्रमांक ११ करिता आपणांस सभासद म्हणून दाखल करून घेतले आहे. कायद्यातील तरतुदीनुसार, वारसांची नोंद पूर्ण होईपर्यंत ही नोंद तात्पुरत्या स्वरूपाची राहील. त्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांबाबत समिती आपणांस सर्व सहकार्य करील." एका वाक्याची पाच झाली. "याची नोंद घ्यावी" काढून टाकलं, दोन महिन्यांच्या दुःखातल्या माणसाने अजून कशाकशाची नोंद घ्यायची. "येत आहे" जाऊन "समितीने घेतले आहे" आलं. आणि "नाव कमी करून" लिहायची गरजच पडली नाही, शोधूनही मला त्याची जागा सापडेना. खजिनदारांनी सकाळी मेसेजला उत्तर दिलं, "योग्य. हेच फाइलला लावू." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

सोमवारी संध्याकाळी मी ते घेऊन वर गेले. काकूंनी दिवा लावला होता, घरात उदबत्तीचा आणि तुपाचा वास, काकांची खुर्ची खिडकीशी होती तिथेच, तिच्यावर घडी घातलेला टॉवेल. मी म्हटलं, आधीचं पत्र नीट झालं नव्हतं काकू, हे घ्या, ते मला परत द्या. त्यांनी हे मोठ्याने वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, प्रत्येक पूर्णविरामाला थांबत. "१९९३ पासून सभासद होते" इथे थांबल्या त्या जरा जास्त थांबल्या. मग म्हणाल्या, "वर्ष बरोबर घातलंस. लोक चौऱ्याण्णव म्हणतात, ह्यांना राग यायचा." पुढचं वाचलं. तात्पुरत्याशी काही बोलल्या नाहीत, त्यावरून सरळ पुढे गेल्या. मी आधीचं पत्र मागितलं तर म्हणाल्या, "असू दे ग, दोन्ही ठेवते," आणि दोन्ही कागद एलआयसीच्या पावत्यांच्या पत्र्याच्या डब्यात घातले. मला ते पहिलं पत्र तिथे राहायला नको होतं. पण माझं काही म्हणणं चाललं नसतं आणि मी म्हटलंही नाही. सही तर माझीच आहे त्याच्यावर.

त्याच डब्यातून त्यांनी शेअर सर्टिफिकेट काढलं. पन्नास रुपयांचे पाच शेअर, पिवळा पडलेला जाड कागद, कडेने हिरवी वेलबुट्टी, पुढच्या बाजूला काकांचं नाव काळ्या शाईत, तेव्हाच्या कोणा सेक्रेटरीच्या तिरक्या अक्षरात. "ह्याच्यावर पण खोडतात का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाही हो काकू, पुढचं तसंच राहतं, आणि कागद उलटा करून दाखवला. मागे तक्ता असतो, तारीख, कोणाकडून, कोणाकडे, सह्या. सगळ्या ओळी रिकाम्या होत्या. मुलीचे कागद आले की पहिल्या ओळीत तुमचं नाव येईल, मी सांगितलं, आणि त्या रकान्यावर बोट आडवं ठेवून बघितलं, नाव मावेल का. रकाना तसा अरुंद आहे. काकूंचं आडनाव मोठं, आणि पूर्ण नाव लिहायचं म्हणजे मधे काकांचं नाव आलंच.

"बारीक अक्षरात लिही," काकू म्हणाल्या, "पण पूर्ण लिही."